नागपूर मनपा निवडणूक, जागा ‘ब’ : शेवटच्या तीन आठवड्यांच्या कामाच्या नोंदी

चार सदस्यांचा प्रभाग, ‘ब’ जागा महिलांसाठी राखीव, उमेदवार अपक्ष. मतदान 15 जानेवारी 2026, मोजणी 16 ला. प्रभागात मतदार साठ हजारांच्या घरात. नोंदी रोज रात्री लिहिल्या आहेत. पुढच्या वेळी काम करणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून जिथे चुकले तेही लिहिले आहे.

27 डिसेंबर 2025, शनिवार

आज फक्त यादी. मनपाची यादी विधानसभेच्या 1 जुलै 2025 च्या यादीवरून फोडलेली आहे. जुन्या कार्यकर्त्यांना विधानसभेचा भाग आणि अनुक्रमांक तोंडपाठ असतो, तो इथे चालत नाही. प्रभागाच्या यादीत अनुक्रमांक नवा असतो, आणि मतदाराला द्यायच्या चिठ्ठीवर तोच लागतो. सगळ्या गटांना हे पहिल्याच बैठकीत दोनदा सांगितले, तरी सायंकाळी एका वहीत जुनेच आकडे उतरलेले निघाले.

यादीची फाईल चित्ररूपात असते, तिच्यात नाव शोधता येत नाही. म्हणून चार जणांनी संगणकावर नावे टाईप करायला घेतली. रकाने सहाच ठेवले: केंद्र, अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, वय, शेरा. सातवा रकाना वाढवला की काम अर्ध्यावर थांबते. आडनावांचे लेखन आधी ठरवून घेतले. गजभिये आणि गजभिए, वानखेडे आणि वानखडे, दोन्ही रूपे यादीत आहेत. यादीत जसे आहे तसेच टाईप करायचे, आपण शुद्ध करायचे नाही. शुद्ध केलेले नाव केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या कागदाशी जुळत नाही.

नागपुरात खरी अडचण घर क्रमांकाची. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) जुन्या अभिन्यासात प्लॉट नंबर सरळ रांगेत असतात. ‘572’ आणि ‘1900’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, विनापरवाना पडलेल्या ले-आऊटांत तसे नाही. एकाच प्लॉट नंबरची दोन घरे शेजारच्या दोन सोसायट्यांत सापडतात, आणि यादीत सोसायटीचे नाव नसते. काही ठिकाणी घर क्रमांकाच्या जागी नुसते शून्य आहे. अशा नावांची वेगळी यादी काढली. ती घरे कागदावरून सापडणार नाहीत, गल्लीतल्या किराणावाल्याला किंवा दूधवाल्याला विचारूनच सापडतील.

नावापुढे दोन तारे असतील तर ते नाव दुबार असण्याची शक्यता आहे. केंद्रावर अशा मतदाराकडून हमीपत्र घेतले जाते आणि ओळख नीट तपासली जाते. घरी गेल्यावर हे आधी सांगायचे, नाहीतर तो माणूस रांगेतून चिडून परत फिरतो.

29 डिसेंबर, सोमवार

अर्ज दाखल. सूचक आणि अनुमोदक दोघेही प्रभागातलेच मतदार आहेत हे नव्या यादीतून अनुक्रमांकासह तपासले. खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडले. शपथपत्रातला एकही रकाना कोरा नाही. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहिले. कोरा रकाना हे छाननीत अर्ज बाद होण्याचे सगळ्यात साधे कारण.

केंद्रनिहाय याद्या हाती आल्या. प्रभागात केंद्रे सत्तरच्या आसपास. पक्षाची यंत्रणा नसताना सगळी धरायला गेलो तर एकही धड होणार नाही. 30 केंद्रे निवडली. हिशेब असा: एका केंद्रावर सरासरी 850 मतदार, म्हणजे साधारण 215 घरे. दोन जणांची जोडी एका सायंकाळी 35 ते 40 घरे करते. एका केंद्राला सहा सायंकाळी. 30 केंद्रांना 30 जोड्या, 60 माणसे. चिन्ह मिळाल्यापासून प्रचार संपेपर्यंत दहा दिवस, त्यातले सहा पहिल्या फेरीला आणि उरलेले कुलूपबंद घरांना.

31 डिसेंबर, बुधवार

छाननी पार पडली, अर्ज वैध.

2 जानेवारी 2026, शुक्रवार

माघारीची मुदत संपली. चिन्हासाठी तीन पसंती दिल्या होत्या: कपबशी, शिलाई मशीन, छत्री. चिन्ह निवडताना एकच कसोटी लावली, सत्तरीच्या माणसाला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरून ओळखू यावे. बाकी अर्थबिर्थ कोणी बघत नाही.

जोड्यांना घरभेटीआधी एक पान दिले, कोणते काम कोणाचे ते. गडर लाईन (सांडपाण्याची), कचरागाडी, पथदिवे, मालमत्ता कर, नळ हे मनपाचे. गुंठेवारीतल्या प्लॉटचा आरएल (नियमितीकरणाचे पत्र) नासुप्रचा. आखीव पत्रिका नगर भूमापनाची. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेचे. कार्यकर्त्याने आरएल मिळवून देतो असे एकदा म्हटले की चार गल्ल्यांत बोभाटा होतो आणि निवडून आल्यावर ते नगरसेवकाच्या हातात नसते. जे हातात नाही त्याला ‘अर्ज कुठे द्यायचा ते सांगतो’ एवढेच म्हणायचे.

3 जानेवारी, शनिवार

दुपारी चिन्हवाटप. कपबशी मिळाली. यंत्रावरचा क्रम आजच कळला. अपक्षांची नावे पक्षांच्या उमेदवारांनंतर येतात, म्हणून नाव बरेच खाली आहे. खाली असण्याचा तोटा आहे, पण क्रमांक ठामपणे सांगितला तर तो भरून निघतो. आजपासून प्रत्येक कागदावर चार गोष्टी एकत्र: जागा ‘ब’, गुलाबी पट्टी (यंत्रावर ‘ब’ गटाचा रंग), क्रमांक, कपबशी. यातली एक सुटली की उरलेल्या तीन लंगड्या पडतात.

छपाईत चूक झाली. कलाकाराने पत्रकावर रंगीत, नक्षीदार कपबशीचा फोटो लावला. दिसायला सुरेख, पण यंत्रावर कपबशी काळ्या रेषेत असते. फोटो पाहिलेला माणूस यंत्रावर तो फोटोच शोधतो. शिवाय लहान आकारात कपाचा कान दिसेना, वाटीच वाटत होती. अधिकाऱ्याने दिलेल्या नमुन्यातलेच रेषाचित्र घेतले, कान उजवीकडे ठळक आणि बशी कपापेक्षा दुप्पट रुंद. इंचभर आकारात छापून भिंतीला लावले आणि दहा पावले मागे जाऊन पाहिले. ओळखू आले तेव्हाच पुढची मंजुरी दिली.

दुसरी चूक पकडली ती छापण्याआधी, हे बरे. पत्रकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या नव्हती. ही ओळ नसलेला कागद जप्त होऊ शकतो आणि खर्चाच्या हिशेबात त्याचे काय करायचे हा वेगळा घोळ. आता ज्याच्या हाती प्रूफ जाईल त्याने आधी शेवटची ओळ वाचायची, मग फोटो बघायचा.

भिंती आणि गेटवर काही लावायचे तर घरमालकाची लेखी संमती. मालमत्ता विद्रूपीकरणाचा 1995 चा कायदा इथे लागू आहे आणि विजेच्या खांबाला बांधलेला झेंडाही त्यात येतो. संमतीचे छोटे छापील फॉर्म प्रत्येक जोडीकडे 20.

5 जानेवारी, सोमवार

घरभेटीची वेळ बदलली. सकाळी सातला निघायचे ठरवले होते. जानेवारीतल्या थंडीत त्या वेळी दारे बंद असतात, उघडतात ते कपाळाला आठ्या घालून. आता सकाळी 9 ते 11 गृहिणी आणि ज्येष्ठ, सायंकाळी 6 ते 9 नोकरदार. रविवारी दिवसभर.

दारात बोलायचे दीड मिनिट. क्रम पक्का: आधी यादीतली नावे वाचून दाखवायची, मग केंद्र कुठे ते सांगायचे, उमेदवाराचे नाव शेवटी. स्वतःची नावे ऐकली की लोक दारातच थांबतात. पत्रक हातात ठेवून निघून गेले तर ते कागद चपलांच्या रॅकवर पडतात, दुसऱ्या दिवशी तिथेच दिसतात.

शेऱ्यासाठी पाचच खुणा: आहे, बाहेरगावी, राहायला गेले, मयत, नाव नाही. कोण आपल्याला मत देईल याची खूण वहीत करायची नाही. घरच्यांच्या डोळ्यांसमोर तशी खूण केली की विश्वास जातो, आणि दारात दिलेला होकार तसाही खरा धरता येत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट: एका घरातली चार नावे दोन वेगळ्या केंद्रांवर. नवरा जवळच्या मनपा शाळेत, सासू आणि सून रिंगरोडच्या पलीकडच्या शाळेत. असे घर सापडले की वहीत लाल गोल. मतदानाच्या दिवशी अशी घरे एकाच शाळेत जातात, निम्मे मत देतात आणि निम्मे ‘आमचं नावच कापलं’ म्हणत घरी येतात. नाव कापलेले नसते, ते दुसऱ्या इमारतीत असते. लाल गोलाच्या घरांत चिठ्ठी हातात देऊन, वाचून दाखवायची.

6 जानेवारी, मंगळवार

अंगारकी. सकाळी टेकडी गणपतीला रीघ, घरे रिकामी. सकाळची फेरी रद्द करून टाईप केलेल्या याद्या मूळ पानांशी ताडून पाहिल्या. तीन केंद्रांच्या याद्यांत मधलेच एक पान सुटले होते.

8 जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस चार मतांचा. या कामाला आधीच सुरुवात करायला हवी होती.

मागची मनपा निवडणूक 21 फेब्रुवारी 2017 ला झाली. त्या सभागृहाची मुदत 4 मार्च 2022 ला संपली, त्यानंतर प्रशासक. मधल्या काळात तीन सदस्यांच्या प्रभागांची आखणी झाली, तीही रद्द झाली आणि पुन्हा 38 प्रभाग, 151 जागा. म्हणजे 2017 नंतर अठरा वर्षांचा झालेला कोणताही मुलगा किंवा मुलगी मनपाच्या यंत्रासमोर कधी उभी राहिलेली नाही. विधानसभा आणि लोकसभेत एक बटण दाबून बाहेर यायची सवय लागली आहे. वस्तीत सरळ प्रश्न येतो: “आमचा माणूस एकच हाय, मग चार बटन कायले दाबाचे?”

उत्तर असे द्यायचे. यंत्रावर चार गट असतात. ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिका गुलाबी, ‘क’ फिका पिवळा, ‘ड’ फिका निळा. प्रत्येक गटात एक बटण. एखाद्या गटातला कोणीच पसंत नसेल तर त्याच गटात ‘नोटा’ आहे, तो दाबा. पण चारही गटांत काहीतरी दाबलेच पाहिजे. चौथे झाल्यावर लांब आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय कक्षातून बाहेर यायचे नाही. मधेच बाहेर आले तर केंद्राध्यक्ष परत बोलावतात, रांग खोळंबते आणि गोंधळलेला माणूस मग हाताला येईल ते दाबतो.

डमी यंत्र पुठ्ठ्याचे बनवले, एका जोडीला एक, एकूण 30. आकार खऱ्याच्या निम्मा, रंग तपकिरी, म्हणजे खऱ्या यंत्रासारखे दिसणार नाही. इतर कोणाचेही नाव किंवा चिन्ह नाही. ‘ब’ गटात आपल्या क्रमांकासमोर नाव आणि कपबशी, बाकी सगळ्या ओळी कोऱ्या. बटणांच्या जागी शर्टाची मोठी बटणे चिकटवली. सुरुवातीला छापील गोल होते, पण बोटाला काही लागले नाही तर हाताला सवय होत नाही. आजीबाईंनी एकदा चारही बटणे स्वतःच्या बोटाने दाबून पाहिली की नंतर सांगावे लागत नाही. आपण दाबून दाखवले तर त्या मान डोलावतात आणि विसरतात. यंत्र त्यांच्या मांडीवर द्यायचे, आपण हात मागे ठेवायचा.

एका जोडीने चुकून डमीवर ‘ब’ गट सगळ्यात वर चिकटवला होता. संपूर्ण गल्लीला तसे दाखवून झाले होते. उद्या ती गल्ली पुन्हा.

10 जानेवारी, शनिवार

खर्चाचा हिशेब. नागपूर मनपासाठी उमेदवाराची मर्यादा 15 लाख रुपये. अपक्षाला तिथवर पोचण्याची भीती नाही. चूक होते ती नोंद न करण्यात. मनपाच्या दरसूचीत चहा, पोहे, खुर्ची, मंडप, ऑटो सगळ्यांचे दर दिलेले असतात. कार्यकर्त्यांना कोणी घरून तर्री-पोहे आणून खाऊ घातले तरी ते दरसूचीच्या दराने लिहायचे. मित्राने फुकट दिलेला ऑटोही लिहायचा. फुकट मिळालेली वस्तू खर्चात शून्य धरता येत नाही, हे साठही जणांच्या कानावर घालायला हवे. पावती त्याच दिवशी, रात्री दहाच्या आत, फोटो काढून. आठवडाभराच्या पावत्या एकदम आल्या की त्यांतल्या निम्म्यांवर तारीख नसते.

भोंग्याच्या ऑटोची परवानगी वाहन क्रमांकासह आहे. ऑटो बिघडला म्हणून दुसरा लावला तर परवानगी पुन्हा. रात्री 10 नंतर आवाज बंद, आणि शाळेसमोरून जाताना दिवसाही बंद ठेवायचा असे आपले आपण ठरवले. ध्वनिफीत 40 सेकंदांची. ऑटो घरासमोरून तेवढ्याच वेळात जातो. दोन मिनिटांच्या गाण्यात क्रमांक शेवटी येत होता आणि तो पुढच्या गल्लीत ऐकू जात होता.

11 जानेवारी, रविवार

शेवटचा रविवार, पदयात्रा. मोटारसायकल फेरी मुद्दाम काढली नाही. संक्रांतीआधीच्या रविवारी शहरभर पतंग उडतात आणि नायलॉन मांजावर बंदी असूनही तो रस्त्यावर आडवा येतो. दुचाकीवर फिरणाऱ्या आठ कार्यकर्त्यांना गळ्याला जाड मफलर आणि गाडीच्या हॅण्डलवर तारेची उंच कमान सक्तीची केली. वेग 30 च्या आत. एकाही मतासाठी कोणाच्या गळ्याला दोरा लागता कामा नये.

पदयात्रेत पुढे ढोल, मागे शंभर माणसे आणि उमेदवार मधोमध अशी रचना असली की उमेदवार कोणालाच भेटत नाही. म्हणून ताई (आपल्या उमेदवार) ढोलाच्या पन्नास पावले पुढे, सोबत त्या गल्लीतली एकच ओळखीची बाई. ढोल ऐकून लोक दारात येतात तोवर ताई तिथून गेलेल्या असतात, हा दोष तासाभरात लक्षात आला. ढोल पुढे काढला आणि ताईंना पन्नास पावले मागे ठेवले. मग जमले.

13 जानेवारी, मंगळवार

सायंकाळी 5.30 ला जाहीर प्रचार बंद. पाच वाजताच ऑटोवरचे भोंगे उतरवून घेतले, कारण साडेपाचला चौकात अडकलेला ऑटो तक्रारीला निमंत्रण.

चिठ्ठ्यांचे काम मात्र दुपारपर्यंत पूर्ण. हिशेब: 30 केंद्रे, 25,500 चिठ्ठ्या. ए-फोर कागदावर आठ, म्हणजे 3,190 कागद, वाया जाणारे धरून सात रिम. चिठ्ठीवर नाव, अनुक्रमांक, केंद्र क्रमांक, शाळेचे नाव आणि खोली. खोली क्रमांक सर्वांत मोठ्या अक्षरांत, कारण एकाच शाळेत सहा केंद्रे असतात आणि लोक गेटमधून आत गेल्यावर हरवतात. घरटी चिठ्ठ्या टाचून दिल्या. लाल गोलाच्या घरांत प्रत्येक केंद्राची वेगळी टाचणी.

मतदानाच्या दिवशी टेबलावर द्यायच्या चिठ्ठ्या वेगळ्या: पांढरा कागद, उमेदवाराचे नाव नाही, चिन्ह नाही. छापील चिन्हाचे उरलेले सगळे गठ्ठे आज रात्री कार्यालयात जमा करून कुलूप लावले, म्हणजे चुकून कोणी टेबलावर नेणार नाही.

14 जानेवारी, बुधवार

संक्रांत. आज हळदीकुंकू सुरू होते. दोन वस्त्यांतून ताईंना बोलावणे आले. नम्रपणे नाही सांगितले. वाण म्हणून वाटीचमचा जरी उमेदवाराच्या हाताने दिला तरी ते प्रलोभन ठरते आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तर नक्कीच. तिळगूळ घेणे-देणे घरच्या घरी.

मतदान प्रतिनिधींची बैठक. प्रत्येक केंद्रासाठी एक आत, एक बदली. पिशवीत: नेमणूकपत्र, ओळखपत्र, केंद्राची यादी, पट्टी, दोन पेन, पाणी, गुळपोळी. मोबाईल आत नेऊ नये.

15 जानेवारी, गुरुवार

प्रतिनिधी सकाळी 6 ला केंद्रावर. मतदान 7.30 ला सुरू होते, त्याआधी यंत्राची चाचणी. यात पाहायचे ते तीन: चाचणीतली मते चारही जागांवर बरोबर दिसली का, चाचणीनंतर यंत्र शून्यावर आणले का, आणि नियंत्रण यंत्राचा व कागदी सीलचा क्रमांक लिहून घेतला का. हा क्रमांक उद्या मोजणीच्या टेबलावर जुळवायचा आहे. चार प्रतिनिधी 7 नंतर पोचले, त्यांच्याकडे हे क्रमांक नाहीत. पुढच्या वेळी प्रतिनिधी केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाराच हवा.

पहिल्या तासात थंडीमुळे शुकशुकाट. गर्दी दहानंतर. 850 पैकी 60 टक्के आले तर दहा तासांत 510, म्हणजे एका मतदाराला जेमतेम 70 सेकंद. चार बटणे, शाई, सही हे सगळे त्यात. म्हणून टेबलावरून माणसे दुपारी 12 ते 3 मध्ये पाठवायची असे ठरवले होते. सगळ्यांनी साडेतीननंतर पाठवली तर रांग गेटबाहेर जाते आणि ज्येष्ठ परत फिरतात.

टेबल केंद्रापासून 100 मीटरच्या बाहेर, अंतर टेपने मोजलेले. पावलांनी मोजू नये, वाद होतो. टेबलावर सर्वाधिक विचारणा ‘नाव सापडत नाही’ ही. नावाने सापडले नाही तर आडनावाने, मग वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने, मग शेजाऱ्याच्या घर क्रमांकाच्या आसपास. या क्रमाने बरीच नावे सापडली. बरेच जण दोन खोल्या पलीकडच्या केंद्राचे होते.

मतदार ओळखपत्र नाही म्हणून परत चाललेल्यांना आधार, पॅन, वाहन परवाना चालतो हे सांगितले. एका बाईंच्या नावावर आधीच मत पडलेले होते. त्यांना घरी जाऊ दिले नाही. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागायचे, ते कागदी मतपत्रिकेवर देता येते. प्रतिनिधीला हा शब्द माहीत नसता तर त्या तशाच गेल्या असत्या.

5.30 ला रांगेत असलेल्यांना चिठ्ठी मिळते आणि त्यांचे मतदान होते. दोन केंद्रांवर पाऊण तास जास्त लागला. प्रतिनिधींनी सील होईपर्यंत थांबून मतदान हिशेबाची प्रत घेतली. 30 पैकी 28 प्रती रात्री कार्यालयात आल्या. दोन प्रतिनिधी सील होण्याआधीच जेवायला गेले होते.

16 जानेवारी, शुक्रवार

मोजणी. टेबलावर पहिले काम आकडे लिहिणे नाही, सीलचा क्रमांक जुळवणे. मग एकूण मते कालच्या हिशेबाशी. 28 केंद्रांची जुळली, दोनची प्रत नसल्याने नुसते पाहत राहावे लागले.

18 जानेवारी, रविवार

संमतीपत्रांच्या गठ्ठ्यावरून घरोघरचे फलक उतरवले. 112 संमतीपत्रे, 109 फलक. तीन वाऱ्याने गेलेले. खर्चाचा अंतिम हिशेब निकालापासून 30 दिवसांत, म्हणजे 15 फेब्रुवारीपर्यंत. पावत्या लेखापालाकडे दिल्या.

वह्यांतल्या ‘नाव नाही’ आणि ‘राहायला गेले’ या दोन शेऱ्यांची घरे वेगळी काढली. नाव नसलेल्यांना नमुना 6, पत्ता बदललेल्यांना नमुना 8. ज्या जोडीने घर शोधले तीच जोडी फॉर्म घेऊन जाईल. पहिली फेरी पुढच्या शनिवारी, शून्य घर क्रमांकाच्या गल्लीपासून.